सी मधली लायब्ररी लिनक्सवरून विंडोज आणि मॅकवर नेताना: इफडेफ कुठे आणि किती?

सह्यकडा, १४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मित्र गेली अडीच वर्षं फावल्या वेळात सी या भाषेत एक लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येईल असं कोड) लिहितोय. मराठी मजकूर घ्यायचा, शब्द सुटे करायचे, कोशाच्या क्रमाने लावायचे आणि कोशात नसलेले शब्द वेगळे काढून द्यायचे, एवढंच तिचं काम. साधारण नऊ हजार ओळी आहेत. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी म्हणून बनते आणि आमची दोन-तीन छोटी साधनं ती वापरतात. आजवर तिने कधी त्रास दिला नाही.

आता एका ओळखीच्या अक्षरजुळणीवाल्यांना ती विंडोजवर हवी आहे आणि आमच्यातल्याच एकाला मॅकवर, त्याच्या संपादकात जोडायला. इथे घोडं अडलंय. माझं मत असं की जिथे फरक पडतो तिथल्या तिथे इफडेफ (सिस्टिम कुठली त्यावरून कोडचा कुठला तुकडा घ्यायचा ते सांगणारी ओळ) घालावा, वाचणाऱ्याला एकाच जागी सगळं दिसतं. मित्र म्हणतो, प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी फाइल करू, मूळ कोडला हात नको. गेले तीन रविवार यावरच वाद चाललाय.

तुम्ही काय करता? आणि बाकी कुठे ठेच लागेल तेही सांगा.

मधलीसुट्टी, १४ जून, रात्री १०:३१

वाचतेय. माझं मत वेगळ्या फायलींना.

जुनाजाणता, १४ जून, रात्री ११:०५

सह्यकडा, फायलींचा वाद नंतर मिटवा, आधी आकड्यांचे प्रकार तपासा. तुमच्या कोडमध्ये 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार किती ठिकाणी आहे?

६४ बिटच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग आठ बाइटचा असतो. ६४ बिटच्या विंडोजवर तो चारच बाइटचा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मात्र आठचा. म्हणजे कुणी पॉइंटर लाँगमध्ये ठेवला असेल तर विंडोजवर त्याचा अर्धा भाग गळून पडतो. कंपाइलर फार तर एखादी वॉर्निंग देतो आणि पुढे जातो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आम्ही एका कामात शोधसूची थेट स्ट्रक्ट (एकत्र बांधलेले अनेक घटक) उचलून फाइलमध्ये लिहीत होतो. लिनक्सवर बनवलेली सूची विंडोजवर उघडली तर पहिली नोंद बरोबर आणि दुसरीपासून सगळा गोंधळ. दोन दिवस आम्ही वाचणाऱ्या फंक्शनला दोष देत बसलो. खरं कारण त्या स्ट्रक्टमधला एक लाँग होता.

त्यानंतर माझा नियम ठरला. लायब्ररीच्या सीमेवर आणि फाइलमध्ये फक्त ठरावीक मापाचे प्रकार, इंट३२_टी, यूइंट६४_टी वगैरे. सी९९ पासून ते प्रमाणात आहेत. आणि फाइलमध्ये स्ट्रक्ट कधीच जसाच्या तसा ओतायचा नाही, एकेक आकडा ठरलेल्या बाइट-क्रमाने लिहायचा. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीची फाइल कुठल्याही मशीनवरून उचलून कुठेही ठेवली तरी उघडते, ते याच शिस्तीमुळे.

दोनबिट, १४ जून, रात्री ११:४०

काकांना अनुमोदन. त्यातच एक भर: फाइल उघडताना 'आर' देताय की 'आरबी' (बी म्हणजे बायनरी)? लिनक्सवर आणि मॅकवर दोन्हींत काडीचा फरक नाही, म्हणून बी विसरला तरी कुणाला कळत नाही. विंडोजवर बी नसेल तर फाइल मजकूर म्हणून उघडते. लिहिताना प्रत्येक १० या बाइटच्या आधी एक १३ घुसतो, आणि वाचताना २६ हा बाइट आला की फाइल तिथेच संपली असं समजलं जातं. बायनरी सूचीत २६ कधी ना कधी येणारच.

सह्यकडा, १५ जून, सकाळी ७:५०

आत्ता शोधून पाहिलं. लाँग ६१ ठिकाणी आहे. बी एकाही ठिकाणी नाही. आज ऑफिसला उशीर होणार.

निळीशाई, १५ जून, दुपारी १:२०

मूळ प्रश्नावर माझं मत मित्राच्या विरुद्ध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी छोट्या उपकरणांवरचं सी लिहिते, दहाएक वर्षं झाली. एका प्रकल्पात प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी फाइल होती. कागदावर फार देखणं दिसायचं. प्रत्यक्षात काय झालं, तर लिनक्सच्या फाइलमध्ये एक चूक दुरुस्त झाली आणि तीच चूक बाकी दोन फायलींमध्ये वर्षभर तशीच राहिली, कारण तिघांचे कर्ते वेगळे आणि कुणी कुणाची फाइल उघडत नव्हतं. ऐंशी टक्के कोड तिन्हीकडे सारखाच होता, नुसता चिकटवलेला. एकाच फाइलमध्ये इफडेफ असता तर दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यासमोर तिन्ही फांद्या आल्या असत्या.

अजून एक, कॅर या एका बाइटच्या प्रकाराबद्दल. हा प्रकार साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) की अनसाइन्ड हे सी ठरवून देत नाही. इंटेलच्या मशीनवर तो साइन्ड असतो, एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सवर अनसाइन्ड. एक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून त्याची ईओएफशी (फाइल संपल्याची खूण) तुलना करणारा एक लूप आमच्याकडे होता. ईओएफ उणे एक. अनसाइन्ड कॅरमध्ये तो २५५ होतो आणि तुलना कधीच जुळत नाही. टेबलावरच्या पीसीवर व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम उपकरणावर अनंतकाळ फिरत राहिला. उत्तर इंटमध्येच (मोठ्या पूर्णांकात) घ्यायचं.

तिसरे_वर्ष, १५ जून, दुपारी २:०२

ताई, आमच्या कॉलेजात सर 'चार' म्हणतात. 'चार चा अ‍ॅरे' म्हटलं की निम्मा वर्ग चार घटकांचा अ‍ॅरे लिहितो.

मधलीसुट्टी, १५ जून, दुपारी २:१५

आमच्याकडे 'केअर' म्हणायचे. सर म्हणायचे, घ्या, केअर घ्या.

जुनाजाणता, १५ जून, रात्री ९:३०

निळीशाई, तुमचा अनुभव खरा आहे, पण तिथे चुकलं ते कापण्याच्या जागेत. ऐंशी टक्के कोड सारखा होता म्हणताय, म्हणजे फाइल फार वर कापली होती. जिथे खरोखर सिस्टिमला हाक मारावी लागते तिथेच कापायचं.

पुन्हा एसक्यूलाइटच बघा. शोध, सूची, व्यवहार हा सगळा डोलारा एकच आहे. फाइल उघडणं, वाचणं, कुलूप लावणं, वेळ विचारणं एवढ्याच गोष्टी एका पातळ थराच्या मागे ठेवल्यात. त्या थराची एक फाइल युनिक्ससाठी (लिनक्स, मॅक त्याच घराण्यातले), एक विंडोजसाठी. वरच्या कोडला खाली कोण आहे याचा पत्ता नसतो. कुणाला तिसऱ्याच एखाद्या सिस्टिमवर न्यायचं असेल तर तेवढा थर लिहिला की झालं.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्येच इफडेफच्या जंगलाविरुद्ध एक निबंध लिहिला होता. इफडेफ वाढत जातात आणि शेवटी कुठली फांदी कधी कंपाइल झाली हे कुणालाच सांगता येत नाही, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

निळीशाई, १५ जून, रात्री १०:१०

पातळ थर मान्य. पण वीस ओळींच्या फंक्शनमध्ये दोनच ओळी वेगळ्या असतील तर मी अजूनही तिथे इफडेफच घालीन. त्यासाठी नवा थर, नवी फाइल आणि चार फंक्शन पॉइंटर म्हणजे मुंगीला मारायला तोफ.

गोदाकाठ, १६ जून, सकाळी ६:४०

मी निवृत्त शिक्षक आहे, संगणकशास्त्र शिकवत असे. तरुण मंडळींसाठी थोडा इतिहास सांगतो, अवांतर वाटलं तर क्षमा करा.

१९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी मध्ये पुन्हा लिहिला गेला, पण तेव्हाही ती पीडीपी-११ या मशीनवरचीच गोष्ट होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीफन जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या घडणीच्या मशीनवर नेलं आणि १९७८ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्या दशकात सी मध्ये अनसाइन्ड, लाँग, युनियन हे प्रकार आले. एका मशीनवर पॉइंटर आणि इंट एकाच मापाचे असतात म्हणून ते एकमेकांच्या जागी वापरण्याची सवय तेव्हाच उघडी पडली. काकांनी सांगितलेली लाँगची गोष्ट तीच आहे, फक्त मशीन बदललं.

त्याच काळातला एक किस्सा मी वर्गात नेहमी सांगायचो. बाइटचा क्रम उलटा असलेल्या मशीनवर 'युनिक्स' या इंग्रजी शब्दाची अक्षरं जोडी-जोडीने उलटून 'नुक्सी' छापली गेली. बाइट-क्रमाच्या घोळाला आजही कित्येक जण नुक्सी म्हणतात. तो शब्द फळ्यावर लिहिला की मुलं विसरत नसत.

तिसरे_वर्ष, १६ जून, सकाळी ११:१५

सर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. खूप आवडलं.

माझा एक बाळबोध प्रश्न. मी एक छोटी लायब्ररी लिनक्सवर बनवली, चालली. विंडोजवर डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) बनली, पण प्रोग्रॅम लिंक करताना एकही फंक्शन सापडत नाही म्हणतो. नावं तर तीच आहेत!

दोनबिट, १६ जून, दुपारी १२:४०

बाळबोध नाही रे, सगळे यातून जातात.

लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीतलं स्टॅटिक (एका फाइलपुरतं) नसलेलं प्रत्येक फंक्शन आपोआप बाहेर दिसतं. विंडोजवर उलट, तू सांगशील तेवढंच दिसतं. सांगायचं कसं, तर फंक्शनच्या आधी डिक्लस्पेक डीएलएलएक्सपोर्ट लिहायचं किंवा नावांची एक डेफ फाइल द्यायची. हेडरमध्ये (फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) एक मॅक्रो (कंपाइल होताना दुसऱ्या मजकुराने बदललं जाणारं नाव) ठेव. विंडोजवर लायब्ररी बनवताना त्याचा अर्थ एक्सपोर्ट, वापरताना इंपोर्ट. लिनक्स-मॅकवर त्याच मॅक्रोचा अर्थ 'व्हिजिबिलिटी डीफॉल्ट' कर आणि कंपाइलरला बाकी सगळं लपवायला सांग. जीसीसी या कंपाइलरमध्ये ही सोय ४.० पासून आहे.

लिनक्सवर लपवण्याची सक्ती नाही, तरी लपवच. 'इनिट' किंवा 'लॉग' नावाचं तुझं फंक्शन बाहेर दिसत राहिलं आणि वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्येही त्याच नावाचं फंक्शन असलं, तर तुझी लायब्ररी स्वतःचं सोडून त्याचं फंक्शन बोलावते. ते शोधताना रात्र जाते. बाहेरच्या प्रत्येक नावाला लायब्ररीचा उपसर्गही लाव.

निळीशाई, १६ जून, दुपारी १:०५

नावांवरून आठवलं. विंडोजवर एका व्हेरिएबलचं नाव मी 'स्मॉल' ठेवलं होतं, आणि कंपाइलर असल्या चुका दाखवत होता की त्या ओळीशी त्यांचा काही संबंधच लागेना. त्यांच्या एका हेडरमध्ये स्मॉल म्हणजे कॅर अशी मॅक्रोच आहे. मिन आणि मॅक्सचीही तीच कथा.

जुनाजाणता, १६ जून, दुपारी १:३०

लिनक्सही मागे नाही. जीसीसी नेहमीच्या पद्धतीने चालवला तर 'लिनक्स' आणि 'युनिक्स' ही दोन्ही नावं आधीच १ म्हणून ठरलेली असतात. सिस्टिमची यादी करणाऱ्या एकाने स्ट्रक्टमध्ये लिनक्स नावाचा घटक ठेवला, कंपाइलरच्या नजरेला तिथे फक्त १ दिसला.

सह्यकडा, १९ जून, रात्री ११:२०

विंडोजवर कंपाइल झाली! लाँग काढले, बी घातले, एक्सपोर्टचा मॅक्रो केला. पण अक्षरजुळणीवाल्यांच्या प्रोग्रॅममध्ये जोडली की तिसऱ्या-चौथ्या शब्दाला क्रॅश. आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्या. त्यांचा प्रोग्रॅम आमचं फंक्शन बोलावतो, शब्द घेतो, फ्री करतो (मेमरी परत देतो), आणि तिथेच पडतो.

दोनबिट, १९ जून, रात्री ११:३३

'फ्री करतो' इथेच पाणी मुरतंय. तुमची डीएलएल आणि त्यांचा प्रोग्रॅम वेगवेगळ्या रनटाइमवर (सी ची मूळ फंक्शन पुरवणाऱ्या लायब्ररीवर) बनलेत. तुम्ही मेमरी घेतलीत तुमच्या हीपमधून (मागेल तशी मेमरी देणाऱ्या साठ्यातून), ते परत करताहेत त्यांच्या हीपला. लिनक्सवर बहुतेक वेळा सगळ्यांचा हीप एकच असतो, म्हणून हे कधी उघडकीला येत नाही.

ज्याने गाठ बांधली त्यानेच ती सोडायची. 'शब्द_सोड' असं एक फंक्शन तुम्हीच द्या आणि फ्री करायचं ते त्यातूनच, असं हेडरमध्ये ठळक लिहा. फाइल-पॉइंटरचंही तसंच. त्यांनी उघडलेला फाइल-पॉइंटर तुमच्या फंक्शनला देऊ देऊ नका, फाइलचं नाव किंवा बफर घ्या.

वऱ्हाडी_ठेचा, २० जून, सकाळी ९:१०

फाइलचं नाव घ्या म्हणता, पण नाव मराठीत असलं म्हणजे?

विंडोजवर फाइल उघडणाऱ्या साध्या एफओपनला नाव जातं ते त्या मशीनच्या जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात). देवनागरीसाठी असं जुनं कोडपेज विंडोजवर कधी नव्हतंच. म्हणून 'अहवाल' नावाची फाइल डोळ्यासमोर असते आणि एफओपन म्हणतो नाही. यूटीएफ-८ चं यूटीएफ-१६ (युनिकोड लिहिण्याच्या या दोन पद्धती) करून रुंद अक्षरांचं डब्ल्यूएफओपन बोलवावं लागतं. २०१९ च्या विंडोज १० पासून प्रोग्रॅमला स्वतःचं कोडपेज यूटीएफ-८ आहे असं जाहीर करता येतं, पण ते प्रोग्रॅमच्या हातात. लायब्ररीने त्यावर विसंबू नये.

आता माझी खरी गोष्ट ऐका. आमच्या जिल्ह्यांच्या याद्या एका जुन्या मॅकवर बनल्या होत्या. तिथून झिप करून लिनक्सवर आणल्या. अमरावती उघडली, नागपूर उघडली, 'वऱ्हाड' काही केल्या उघडेना. एलएस मारला (फायलींची यादी काढली) तर नाव समोर दिसतंय. कॉपी करून पेस्ट केलं तर उघडते, हाताने टंकलं तर नाही. अर्धा दिवस गेला बाप्पा.

शेवटी बाइट काढून पाहिले. आपल्या वऱ्हाडातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, स्वतंत्र अक्षर, तीन बाइट. दुसरा, साधा र आणि त्याच्या खाली नुक्ता, सहा बाइट. दिसायला तंतोतंत एक. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडूनच साठवायची, म्हणून तिथे ऱ चे दोन तुकडे झाले. नव्या एपीएफएसवर नाव दिलं तसं राहतं आणि दोन्ही रूपं एकच मानली जातात. लिनक्सला मात्र ही दोन वेगळी नावं. अमरावतीत ऱ नाही, म्हणून अमरावती सुखरूप.

सह्यकडा, २० जून, सकाळी १०:४५

वऱ्हाडी_ठेचा, तुमचा प्रतिसाद वाचून मी थेट आमच्या कोशाची फाइल तपासली. 'सुऱ्या', 'दऱ्या', 'कोऱ्या' यांत दोन्ही रूपं मिसळलेली आहेत! म्हणजे हे शब्द कधी सापडायचे आणि कधी नाही, ते आम्ही वापरणाऱ्याच्या टंकलेखनावर ढकलत होतो. आता मजकूर आत येतानाच एका रूपात आणतोय. मनापासून आभार.

आणि दोनबिट, शब्द_सोड घातलं, क्रॅश थांबला.

नेकारकाठ, २० जून, संध्याकाळी ६:२०

श्टुटगार्टहून लिहितेय. लोकॅलकडे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगकडे) लक्ष आहे ना? आमच्याकडे दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम. एका लायब्ररीने तिच्या सेटिंगच्या फाइलमधला ०.७५ हा आकडा मजकुरातून आकडा काढणाऱ्या स्ट्रटॉडीने वाचला आणि तिला ० मिळाला, कारण जर्मन लोकॅलमध्ये टिंब आलं की आकडा संपला. भारतातल्या सहकाऱ्यांच्या मशीनवर सगळं सुरळीत. त्यांनी आठवडाभर आमच्याच सेटिंगच्या फाइलला दोष दिला.

लायब्ररीने स्वतः सेटलोकॅल बोलवून हे 'दुरुस्त' करायचं नाही, हेही सांगते. ते सबंध प्रोसेसला लागू होतं, म्हणजे पाहुण्याने येऊन घरातलं घड्याळ बदलल्यासारखं.

सह्यकडा, २७ जून, रात्री १२:१०

दोन बातम्या.

पहिली. विंडोजवर डीबग बिल्डमध्ये मोकळी जागा ओळखणारं इझस्पेस फंक्शन पहिल्याच मराठी शब्दाला असर्ट मारत (तपासणीत अडून थांबत) होतं. कारण सापडलं. देवनागरी अक्षराचा यूटीएफ-८ मधला पहिला बाइट २२४. साइन्ड कॅरमध्ये तोच उणे ३२ होतो, आणि इझस्पेसला उणे १ ते २५५ च्या बाहेरचं काही द्यायचंच नसतं. लिनक्सवर आम्ही अडीच वर्षं ते देत होतो आणि तो निमूट सांभाळून घेत होता. सगळीकडे अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट केलं (प्रकार बदलून दिला). विंडोज शांत.

दुसरी. या दुरुस्तीनंतर मॅकवर शब्द तुटायला लागले. म्हणजे आगीतून फुफाट्यात. गंमत अशी की आमच्या टेस्ट मॅकवरही हिरव्या आहेत. मित्राच्या संपादकात जोडली की मात्र 'आठवण' चा 'आ' वेगळा, मग एक प्रश्नचिन्हाचा चौकोन, मग 'वण'. पुन्हा सगळेच शब्द तुटत नाहीत. चार रात्री झाल्या.

दोनबिट, २७ जून, रात्री १२:२५

तुटणारे आणि न तुटणारे, दोन्हींची यादी द्या. अंदाज नको, प्रत्यक्ष पाहिलेले.

सह्यकडा, २७ जून, रात्री १२:५०

तुटणारे: आठवण, अननस, अडकित्ता, पाठ, बॅट, मॅच.
न तुटणारे: आई, कमळ, ओढा, नदी, मीठभाकर सोडून बाकी सगळं जेवण. (मीठ तुटतं.)

दोनबिट, २७ जून, रात्री १:४०

सापडलं असं वाटतंय. कागदावर मांडून पाहिलं.

तुटणाऱ्या प्रत्येक शब्दात अ, ठ किंवा ॅ आहे. आता बाइट बघा, हेक्समध्ये (सोळाच्या पायावर):
अ = ई० ए४ ८५
ठ = ई० ए४ ए०
ॅ = ई० ए५ ८५

तिन्हींचा शेवटचा बाइट ८५ किंवा ए० आहे. युनिकोडमध्ये यू+००८५ म्हणजे नवी ओळ आणि यू+००ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. मॅकवर लोकॅल यूटीएफ-८ असेल तर इझस्पेस हातातल्या सुट्या बाइटला युनिकोडचा अंक समजतं आणि या दोन्हींना 'हो, ही मोकळी जागा आहे' म्हणतं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या भावंडावरही ही वागणूक दिसलेली आहे. लिनक्सवर १२७ च्या पुढचा सुटा बाइट यूटीएफ-८ मध्ये अक्षरच नाही, म्हणून तिथे उत्तर 'नाही'.

कास्ट करण्याआधी तुम्ही ऋण आकडा देत होतात, म्हणून तो या दोन्हींशी जुळत नव्हता. कास्ट बरोबरच आहे, काढू नका. त्याने फक्त झाकलेली गोष्ट उघडी केली. आणि तुमच्या टेस्ट हिरव्या राहिल्या, कारण टेस्टचा प्रोग्रॅम सेटलोकॅल बोलवत नाही, तो साध्या 'सी' लोकॅलमध्येच राहतो. मित्राचा संपादक सुरुवातीलाच बोलवत असणार.

हे बरोबर असेल तर 'मॅक' हा शब्द मॅकवर तुटला पाहिजे. टंकून बघा.

सह्यकडा, २७ जून, रात्री १:५२

तुटला!!

आणि हो, संपादकाच्या मेनमध्ये तिसऱ्याच ओळीला सेटलोकॅल आहे. दोनबिट, तुम्ही पुण्यात असाल तर चहा माझ्याकडे.

मधलीसुट्टी, २७ जून, सकाळी ८:३०

सकाळी उठून हे वाचलं आणि अंगावर काटा आला. वर्णमालेतलं पहिलंच अक्षर!

नेकारकाठ, २७ जून, सकाळी ११:००

म्हणूनच सांगत होते, लोकॅल! मोकळी जागा कुठली हे तुमच्या लायब्ररीला स्वतःला माहीत असायला हवं. एएससीआयआयमधल्या सहाच तर आहेत. स्वतःचं चार ओळींचं फंक्शन लिहा आणि इझस्पेस, इझअल्फा या सगळ्यांना नारळ द्या. मजकूर यूटीएफ-८ आहे हे तुम्हीच ठरवलंय, मग विचारायचं कुणाला? आकडे वाचण्याचंही तसंच करा.

जुनाजाणता, २७ जून, रात्री ९:१५

दोनबिट, शाब्बास. हा धागा जपून ठेवतो.

सह्यकडा, टेस्टच्या प्रोग्रॅममध्येही सेटलोकॅल बोलवा, आणि टेस्ट दोनदा चालवा, एकदा साध्या लोकॅलमध्ये आणि एकदा जर्मनमध्ये. वापरणारा कुठल्या घरात बसलाय ते आपल्याला माहीत नसतं, मग आपणच दोन-तीन घरांत बसून बघावं.

लिनक्सचंही एक सांगायचं राहिलं. तुम्ही ताज्या उबुंटूवर बनवलेली लायब्ररी जुन्या मशीनवर 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' म्हणून अडेल (जीलिबसी म्हणजे लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी). जी सगळ्यात जुनी आवृत्ती सांभाळायची आहे, तिच्यावर बनवा. आणि कुणी अल्पाइन या लिनक्सवर मागितली तर तिथे जीलिबसी नसतेच, मसल असते, तिच्यासाठी वेगळं बनवावं लागतं. मसलमध्ये थ्रेडचा स्टॅक (चालू फंक्शनांची मेमरी) मुळात १२८ किलोबाइटचा असतो, आपल्याला सवय ८ मेगाबाइटची. खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) असेल तर तिथे पडेल.

निळीशाई, २८ जून, दुपारी १२:३०

आणि मूळ प्रश्नाचं काय झालं? इफडेफ की फायली?

सह्यकडा, ६ जुलै, रात्री १०:४०

निळीशाई, तेच सांगायला आलोय. आज चौथ्या रविवारी वाद मिटला.

सुरुवातीला मी एकट्याने ४३ इफडेफ घातले होते. एकेकाकडे बघत गेलो तर त्यातले निम्म्याहून जास्त मुळात लागतच नव्हते. लाँगचे, इझस्पेसचे, आकडे वाचण्याचे सगळे इफडेफ 'सिस्टिम वेगळी' म्हणून घातलेले, पण चूक आमच्या कोडमध्ये होती. प्रमाण सी नीट पाळलं की ते आपोआप गळले. मला वाटतं, आम्ही चौघं चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो.

खरोखर सिस्टिमच्या म्हणाव्यात अशा तीनच गोष्टी उरल्या: मराठी नावाची फाइल उघडणं, कोश मेमरीत मॅप करणं आणि थ्रेडचं कुलूप. त्यांच्यासाठी काकांनी सांगितला तसा पातळ थर केला, एक फाइल युनिक्सची, एक विंडोजची. मॅक युनिक्सच्याच फाइलमध्ये बसला. तिथे दोन ओळींचा फरक आहे, त्याला निळीशाईंच्या म्हणण्याप्रमाणे जागच्या जागी इफडेफ. एक्सपोर्टचा मॅक्रो धरून आता एकूण ५ इफडेफ आहेत. मित्र म्हणतो तो जिंकला, मी म्हणतो मी.

मॅकवर लायब्ररी शोधण्याची वाट तिच्या पोटातच लिहिलेली असते, तिथे आमच्याच मशीनचा फोल्डर राहून गेला होता. आता 'अ‍ॅट आरपाथ' (वाट वापरणारा प्रोग्रॅम ठरवतो) केलंय. लिनक्सवर 'डॉलर ओरिजिन' (फाइल आहे तोच फोल्डर).

अक्षरजुळणीवाल्यांनी काल पहिलं पूर्ण पुस्तक त्यातून काढलं. ३१२ पानं.

तिसरे_वर्ष, ६ जुलै, रात्री ११:१५

दादा, तुमचं कोड मी उत्साहाने फ्रीबीएसडीवर बनवून पाहिलं. एकाच जागी अडलं: मेमरी मागणाऱ्या मॅलॉकसाठी तुम्ही मॅलॉक.एच घेतलंय, तिथे ते घेतलं की सरळ एरर येतो. स्टडलिब.एच केलं आणि झालं. दुरुस्ती पाठवलीय. अ, ठ आणि ॅ तिघेही ठीक आहेत, मुद्दाम यूटीएफ-८ लोकॅल लावून पाहिलं.

सह्यकडा, ६ जुलै, रात्री ११:२४

घेतली रे. तुझं नाव यादीत जोडलंय, कसं लिहायचं ते कळव.

मधलीसुट्टी, ७ जुलै, सकाळी ८:१०

दोनबिटांच्या यादीवरून मी पण वर्णमाला घेऊन बसले. दीर्घ ॠ चा शेवटचा बाइटही ए० येतो. तो तपासलात का?

सह्यकडा, ७ जुलै, सकाळी ८:३५

आमच्या कोशात ॠ चा शब्द एकही नाही, म्हणून सुटला होता. वर्णमालेचा अख्खा तक्ताच आता टेस्टमध्ये घातला, अ पासून ज्ञ पर्यंत, मधल्या ॠ सकट. तिन्हीकडे हिरवा.